शेप्याची काळी रेघ

“छिन्नी जरा दमानं, सायेब. म्हातारं हाय ते.”

म्हातारं म्हणजे आंब्याचं झाड. बोलणारा स्वतः सत्तरी ओलांडलेला होता, पण म्हाताऱ्यांत तो स्वतःला मोजत नसे. उकंडबुवा त्याचं नाव. आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नावही त्यावरूनच ठेवलं, म्हणजे यमाला हे पोर न्यावंसं वाटू नये. यम फसला. उकंडबुवा घरातल्या सगळ्यांना पुरून उरले आणि मग एकटेच राहिले.

मी झाडाच्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घालून सडलेलं लाकूड खरवडत होतो. ओल्या चहापत्तीसारखा भुगा बाहेर पडत होता. ढोलीच्या ओठावर टणक, तपकिरी छत्र्या उगवल्या होत्या. त्यातली एक मोडून मी पहिल्याच दिवशी पिशवीत टाकली होती आणि तिचं लॅटिन नाव उकंडबुवांना सांगितलं होतं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवले काय?”

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि भयंकर हुशार होतो. कृषी महाविद्यालयातून झाडांच्या रोगांच्या विषयात पहिला आलो होतो. सरकारनं या हुशारीचं काय करायचं ते न सुचून मला सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावी पाठवलं आणि गावठी आंब्यांची नोंद करायला सांगितलं. कलमी आंब्याला जात असते, गावठी आंब्याला नाव असतं. बोरखेडीत खोबऱ्या होता, गाडग्या होता, नुसती कोयच असलेला आणि म्हणून कुणालाच नको असलेला कोयड्या होता. धरण झालं, पाणी चढलं, ते सगळे पाण्याखाली गेले. गाव सात मैलांवर नव्या बोरखेडीत जाऊन बसलं. जुन्या गावच्या उंचवट्यावर पाण्याच्या रेषेबाहेर राहिला तो शेप्या, आणि त्याच्या सावलीत उकंडबुवा.

शेप्याच्या कैरीला शेपूचा वास होता. त्याचं लोणचं दोन पावसाळे करकरीत राहायचं, म्हणून मिरगाच्या आठवडाभर आधी नव्या बोरखेडीच्या बाया दोन बैलगाड्या भरून यायच्या. त्या दिवशी उकंडबुवांच्या अंगणात चूल पेटायची, पोरं बोंबलायची, बाया भांडायच्या. संध्याकाळी गाड्या गेल्या की पुढचं वर्षभर माणसाचा आवाज म्हणजे धरणावरच्या चौकीदाराची शिट्टी, तीही वारा इकडचा असेल तर. बायको गाव उठायच्या आधीच गेली होती. एक लेक होती, ती बऱ्हाणपूरकडे दिलेली. वर्षाकाठी तिचं एक पोस्टकार्ड यायचं, पण अक्षर जावयाचं असायचं.

“नव्या गावात तुम्हाला जागा मिळाली नाही का?” मी विचारलं होतं.

“भेटली न. नंबराची हाय. वरतून टिनं. तथी शेप्या कुठी हाय पण?” मग जरा थांबून म्हणाले, “शेप्या हाय म्हून वर्साकाठी बाया येते. शेप्या गेला त माहा पत्ता कोनाले पाह्यजे, सायेब? हे वाचते काय, तेवढं सांगा.”

“वाचतं की,” मी म्हणालो. “न वाचायला काय झालं?”

असा शब्द मी अर्ध्या मिनिटात दिला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. आमचे प्राध्यापक सांगायचे, झाडाची ढोली म्हणजे किडलेला दात. दातांचा डॉक्टर काय करतो? कीड पार कोरून काढतो, औषध लावतो आणि वर सिमेंट भरतो. तसंच झाडाचं. पांढरंशुभ्र, ताजं लाकूड लागेपर्यंत कोरायचं, मोरचूद आणि चुन्याचा लेप द्यायचा, विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून वरून गिलावा करायचा. पुस्तकात चित्र होतं. आधी आणि नंतर.

तीन दिवसांचं काम होतं. सायकलनं अकरा किलोमीटर यायचं, सकाळभर कोरायचं, दुपारी उकंडबुवांच्या हातची भाकरी आणि ठेचा खायचा, ऊन उतरलं की परत. पहिल्या दिवशी ते ओट्यावर बसून नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पटाशीला धार लावून दिली आणि ती कशी धरायची तेही शिकवलं, कारण मी ती चमच्यासारखी धरत होतो.

“तुम्ही सुतार का?” मी विचारलं.

“सुतार नाई. लाकूडकाप्या. सुतार खुर्ची करते. आमी खोडाच्या फळ्या पाडून देतो, मंग त्याचं चालते.” त्यांनी पटाशी अंगठ्यावर घासून पाहिली. “चाळीस वर्सं कापलं. सागाचं, शिसवाचं, आंब्याचं. झाड आतून कसं रायते ते मले इचारा.”

मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं ना!

तिसऱ्या दिवशी दुपारी भुसभुशीत लाकूड संपलं आणि पटाशीला काहीतरी टणक लागलं. टॉर्च मारली तर ढोलीच्या आतल्या अंगाला काळपट तपकिरी थर दिसला. जेमतेम बोटाच्या पेराएवढा जाड, पण शिंगासारखा घट्ट. पटाशी त्यावरून घसरायची. उकंडबुवा माझ्या मागून वाकून बघत होते.

“हे काळं लागलं न, सायेब,” ते म्हणाले, “आता थांबा. याच्या पलीकडं नका जाऊ.”

“काळं म्हणजे रोग, उकंडबुवा. पांढरं लागेपर्यंत जायचं असतं.”

“असं पुस्तकात हाय काय?”

“आहे.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत तेव्हा काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला झाडाचे रोग वाचता येत होते, माणसाची नजर नाही.

“मंग अशीन,” ते म्हणाले आणि भाकऱ्या थापायला उठले.

त्या काळ्या थरानं मला चांगलाच घाम फोडला. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. छिन्नीवर हातोडी मारून मारून तळहाताला फोड आले, उकंडबुवांनी त्यावर हळद-तेल लावलं. सहाव्या दिवशी डाव्या अंगाला हातभर लांबीचा थर फुटला आणि आत दुधासारखं पांढरं लाकूड दिसलं. मी ओरडलोच. उकंडबुवा आले, त्यांनी त्या पांढऱ्या लाकडावर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

“कसं वाटतं?” मी विचारलं.

“ओलं हाय,” ते म्हणाले. “चहा करतो.”

खरं सांगायचं तर तिथेच थांबता आलं असतं. पण मी उजवीकडचा थरही काढायला घेतला. म्हटलं, काम पक्कं हवं. आज इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, मलाही दुसरीकडे जायला जागा नव्हती. तालुक्याच्या गावी धान्याच्या दुकानावर माझी खोली होती. तिथे माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं. कचेरीतले लोक पाच वाजता आपापल्या घरी जायचे. संध्याकाळी कुलूप काढण्याआधी मी कडी वाजवायचो. आत कुणी नाही हे पक्कं माहीत असताना वाजवायचो. शेप्याखाली मात्र मी नुसता येताना दिसलो तरी उकंडबुवा चुलीत लाकूड सारायचे. तिथे मी कुणाचा तरी पाहुणा होतो. रोज संध्याकाळी ते विचारायचे, “उद्या?” आणि मी म्हणायचो, “उद्या येतो. अजून थोडं राहिलंय.”

ते थोडं आम्ही दहाव्या दिवसापर्यंत पुरवलं. त्या दिवसांत मी त्यांना माझ्या आईबद्दल सांगितलं, कॉलेजातल्या एका मुलीबद्दलही सांगितलं, जिच्याशी मी एक शब्दही बोललो नव्हतो. त्यांनी मला त्यांच्या जोडीदाराबद्दल, दौलतबद्दल सांगितलं. एकाच झाडाच्या दोन बाजूंना उभं राहून त्या दोघांचा जन्म गेला होता. दौलत नव्या गावात राहायला गेला आणि पहिल्याच उन्हाळ्यात टिनाखाली तापानं वारला. “त्याले सावलीची सवय व्हती,” एवढंच ते म्हणाले.

दहाव्या दिवशी लेप दिला, विटा भरल्या, सिमेंट लिंपलं. गिलावा इतका गुळगुळीत केला की त्यावर आरती ओवाळावी. उकंडबुवांनी खरोखरच हळदीकुंकवाचं बोट लावलं. निघताना मी म्हणालो, “दिवाळीनंतर चक्कर मारतो. बघायला हवं ना कसं भरून येतंय ते.”

“या,” ते म्हणाले. सायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते ओट्यावर उभे होते, हे मी मागे वळून पाहिलं म्हणून मला माहीत आहे.

दिवाळीच्या आधीच माझी पुण्याला बदली झाली. मग परीक्षा, बढती, लग्न. जायचं राहिलं असं म्हणण्याची पद्धत आहे. मी गेलो नाही.

चार वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्याच्या कचेरीत, जुन्या पत्त्यावरून फिरत, एक पोस्टकार्ड आलं. अक्षर नव्या बोरखेडीच्या मास्तरांचं असावं, शब्द उकंडबुवांचेच होते. “शेप्या वैशाखाच्या वादळात पडला. कापायचा हाय. करवतीले दुसरा मानूस पाह्यजे. उकंडा.”

बायकोला म्हटलं, कामाचं आहे. रात्रीची गाडी धरली, सकाळी बस बदलली आणि फाट्यापासून चालत निघालो. वाटभर मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो, वादळ होतं, वादळात कुठलंही झाड पडतं. उंचवट्यावर पोचलो तेव्हा आकाशाचा एक मोठा तुकडा उघडा पडलेला दिसला. झाड मुळासकट उन्मळलं नव्हतं. माझ्या गिलाव्याच्या बरोबर वर, कमरेत मोडलं होतं. खाली सिमेंटचा गठ्ठा जसाच्या तसा, शाबूत उभा होता.

उकंडबुवा वाळले होते. पण मला पाहिल्याबरोबर चुलीकडे वळले.

“जेवले काय?”

“आधी हे सांगा, बाया आल्या होत्या?”

“आल्त्या. पडलं तवा भरलेलं व्हतं न झाड. कैऱ्या येचून नेल्या त्याइनं. रडल्या बी दोघीतिघी.” त्यांनी पिठात पाणी घातलं. “आता कायले येईन?”

जेवण झाल्यावर त्यांनी आढ्यावरून करवत काढली. पुरुषभर लांब, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. पात्याला तेल लावून ठेवलेलं होतं. दौलत गेल्यापासून ती वापरलीच नव्हती, कारण ही करवत एकट्याला चालत नाही. खोडावर कोळशानं खूण करून आम्ही समोरासमोर बसलो.

“ढकलू नका,” ते पहिल्याच ओढीला म्हणाले. “ढकलली की पातं वाकते. फक्त ओढायची. आपली पाळी झाली की सोडून द्यायची, समोरचा ओढते.”

मला ते जमायला तासभर लागला. मग ते जमलं. सर्र, सर्र असा आवाज येत राहिला, दोघांच्या पायांवर भुसा साचत गेला. दिवस कलायला लागला तेव्हा खोडाची चकती सुटून बाजूला पडली. उकंडबुवांनी धोतराच्या सोग्यानं ती पुसली, तिच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं आणि मला जवळ बोलावलं.

“पाहा आता.”

मधोमध सडलेला तपकिरी भाग होता. त्याच्याभोवती एक काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी रेखीव. ती जिथे शाबूत होती तिथे तिच्या अलीकडे सडकं आणि पलीकडे चांगलं लाकूड. मध्ये बोटभरही अंतर नव्हतं, तरी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं नव्हतं.

“तुमी कोरलं त्याच्या वीतभर वरचा काप हाय हा. हे सडलेलं आजचं नाई. माह्या बापाच्या टायमाले गारा पडल्या, मोठी फांदी मोडली, तवाचं हाय. झाडाले दवाखाना नाई न, सायेब. सडलेलं त्याचं काई भरून येत नाई. ते काय करते, सडलेल्याच्या भवताल कूड घालते, भितीवानी. त्याले म्हनते, तू तथीच राय. आन सोता बाहेरून नवं लाकूड वाढवत जाते. पन्नास वर्सं तसंच चाल्लं व्हतं.”

मग त्यांनी बोट डाव्या अंगाला नेलं. तिथे रेघ नव्हती. तिथून तो तपकिरी रंग सांडलेल्या चहासारखा पांढऱ्या लाकडात पसरत पार सालीपर्यंत गेला होता. उजव्या अंगालाही तसंच. मी पटाशी कुठे कुठे चालवली होती, ते कुणीही सांगू शकलं असतं.

पुढे काही वर्षांनी आमची पुस्तकंही हेच म्हणू लागली. झाड जखम बरी करत नाही, ती कोंडून टाकतं. त्या काळ्या थरात ते असे रस भरून ठेवतं की बुरशीला पुढे वाट मिळत नाही. म्हणून ढोली कोरू नये, तो थर फोडू नये. मी स्वतः ते पोरांना शिकवलं. पण त्या दिवशी मला पुस्तकाची गरज उरली नव्हती. मी भुशात बसलो होतो आणि मला रडू येत होतं, आणि मी ते लपवलं नाही.

“मीच पाडला हा,” मी म्हणालो.

उकंडबुवांनी चकतीवर आणखी थोडं पाणी ओतलं.

“तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्या दिवशी म्हणाला होतात, थांबा.”

“म्हनलो व्हतो.”

“मग एकदाच का? दुसऱ्यांदा का नाही म्हणालात? माझा हात का नाही धरलात? मी ऐकलं असतं, उकंडबुवा!”

“आयकलं असतं,” ते म्हणाले. “तुमी आयकनारे मानूस आहा. मले ठावं व्हतं.”

“मग?”

त्यांनी चकतीवरचं पाणी तळव्यानं निपटून काढलं. माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ते म्हणाले, “थांबवलं असतं त दुसऱ्या दिवशी तुमी कायले आले असते?”

मला राग आला. एवढ्यासाठी? आतून सडूनही पन्नास वर्षं टिकलेलं झाड, वर्षातून एकदा येणाऱ्या बाया, हे सगळं एवढ्यासाठी घालवलं? हा राग त्यांच्यावर होता की माझ्यावर, ते मला आजही धड सांगता येत नाही. आलो असतो, झाड वाचलेलं बघायला तरी आलोच असतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण चार वर्षांत मी त्यांना एक पोस्टकार्डसुद्धा टाकलं नव्हतं.

“नसतो आलो,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, दुखावलेही दिसले नाहीत. हिशेब चुकला नव्हता एवढंच जणू त्यांना पाहायचं होतं. फाट्यावरची शेवटची बस मिळण्याइतका उजेड अजून होता, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. उकंडबुवा उठले, कोळशाचा तुकडा घेतला आणि खोडावर वीतभर पुढे आणखी एक खूण केली. त्या कापाची कुणालाच गरज नव्हती. मी डोळे पुसले, त्यांच्या समोर जाऊन बसलो आणि करवतीचं माझ्याकडचं टोक धरलं.